बाकी

गिरणी बंद झाली त्या रात्री
मोजयंत्राच्या काचेखाली फक्त १ उरला होता.
बत्तीस घरांचं यंत्र. सगळी घरं भरली
की सगळीच रिकामी करायचं
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू, काही घडलंच नाही अशा थाटात.
फोरमन वेइक्कोनं नोंदवहीत लिहिलं: एक. खाली सही.

ओर्वोक्की म्हणाली, एक नव्हे.
चोवीस वर्षं तिनं ती काच पुसलेली.
तिनं वेइक्कोचं पेन घेतलं, एक खोडला, शेजारी लिहिलं
४,२९,४९,६७,२९७.
मागच्या दुरुस्तीपासून एवढे मिलिमीटर कागद पुढे सरकला, म्हणाली,
आणि कोट घालून निघाली.
वेइक्कोनं ते पान फाडलं. मी पाहिलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून
केमीतल्या तिच्या स्वयंपाकघरात,
न खपलेल्या रोलच्या कातरणीवर
ती त्या आकड्याची जात शोधू लागली.
माणसाला विचारू नये, संख्येला विचारावीच लागते:
तुला कोण कोण भागतं?

रात्रीला एकच मूळसंख्या. घाई कशाला,
सकाळची पाळी नव्हती आता.
पहिल्या रात्री दोन. शेपटीला सात दिसला, दिवा मालवला.
तिनाला बाकी दोन. पाचाला दोन.
साताला पाच, अकराला पाच,
तेराला दहा, सतराला परत दोन.
मी फोनवर विचारायचो, बाकी काय?
ती खरंच सांगायची:
एकशेएकला एकोणसत्तर.

डिसेंबरात सूर्य जेवायला यायचा
आणि हात धुवायच्या आत जायचा.
समुद्र गोठला. आकडा तसाच.
नाताळाला दोनशे सत्तावन्न, बाकी दोन;
आदल्या दिवशी कबरस्तानात तिनं लावल्या
तेवढ्याच मेणबत्त्या.
जानेवारीत वेइक्को दक्षिणेला गेला, मुलाकडे.
मी दुसरं काम शोधत होतो. सापडत नव्हतं.

चोवीस फेब्रुवारी. एकशेसोळावी रात्र.
सहाशे एक्केचाळीस.
बाकी काय?
बराच वेळ नुसता तिचा श्वास,
मग: काही नाही.

ओउलूहून भाची इल्ता आली, विद्यापीठातली.
मावशी, म्हणाली, इथे चौसष्टानं भागून एक उरतो
अशाच मूळसंख्या चालतात.
एकशे त्र्याण्णव, दोनशे सत्तावन्न,
चारशे एकोणपन्नास, पाचशे सत्त्याहत्तर, आणि ही तुझी.
पाच रात्रींचं काम होतं.
ओर्वोक्कीनं कॉफी ओतली.
मग उरलेल्या एकशे अकरा रात्री
मी काय करायचं होतं?

इल्तानंच मग कागदावर मांडलं:
संयुक्त. अवयव दोनच, दुसरा सदुसष्ट लाख चारशे सतरा.
न्यून. म्हणजे भाजक सगळे, एकासकट, गोळा केले
तरी सदुसष्ट लाख एक हजार एकोणसाठच,
संख्येच्या पासंगालाही पुरत नाहीत.
(आम्हाला गिरणीवाल्यांना हे नवं नव्हतं.
कातरण जोडून कधी रोल झालाय?)
दोन वर्गांची बेरीज, आणि तीही दोन तऱ्हांनी:
एकीत पासष्ट हजार पाचशे छत्तीसच्या वर्गाशेजारी नुसता एक,
दुसरीत बासष्ट हजार दोनशे चौसष्ट
आणि वीस हजार चारशे एकोणपन्नास, बरोबरीनं.

आणि यंत्राच्या लिपीत
कडेला एक, मधे एकतीस शून्यं, कडेला एक.
उलटी वाचा, तीच.
घरं बत्तीस, म्हणून उजवीकडचा एक आत बसतो.
डावीकडचा दाराबाहेर उभा राहतो,
चार अब्ज एकोणतीस कोटी आणि वर कितीतरी
त्याच्या एकट्याच्या अंगावर,
आणि काचेखाली दिसत नाही.

ओर्वोक्की त्या डावीकडच्या एकाकडे बघत राहिली.
कॉफी निवली.

दुसरा अवयव फुटत नाही,
मशीननं तपासलंय, इल्तानं जाताना सांगितलं.
असेल, ओर्वोक्की म्हणाली.
काल रात्री तिनं कातरणीचा नवा तुकडा घेतला.
सहाशे एक्केचाळीसपासूनच, म्हणे, परत. चव्वेचाळीस उरले.
आज सहाशे त्रेचाळीस.
बाकी उद्या सांगते, म्हणाली, आणि फोन ठेवला.